फुटसाल विश्वचषकाची आशियाई वाट

एप्रिल २०२४ मध्ये बँकॉक येथे झालेल्या आशियाई फुटसाल चषक स्पर्धेत जपानचा संघ गतविजेता म्हणून उतरला होता. दीड वर्षापूर्वीच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, कुवेत येथे त्याने बलाढ्य इराणला अंतिम सामन्यात ३-२ असे हरवून चौथ्यांदा आशियाई अजिंक्यपद मिळविले होते. बँकॉकमध्ये मात्र त्याच्या वाट्याला साखळीतील एक पराभव, एक बरोबरी आणि एक विजय आला. किर्गिझस्तानने त्याला हरविले, ताजिकिस्तानने बरोबरीत रोखले आणि दक्षिण कोरियावर मिळविलेला विजय कामी आला नाही. आशियाचा विजेता उपांत्यपूर्व फेरीही न गाठता मायदेशी परतला. हानी एवढ्यावर थांबली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उझबेकिस्तानात भरणाऱ्या विश्वचषक स्पर्धेचे दारही त्याच्यासाठी बंद झाले. त्याच बँकॉकमध्ये, आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेत प्रथमच खेळणाऱ्या अफगाणिस्तानने विश्वचषकाचे तिकीट मिळविले.

फुटसालच्या विश्वचषकाला जाण्याची वाट अशी आहे. फुटबॉलमध्ये देशांचे संघ दोन-तीन वर्षे घरच्या आणि परक्या मैदानांवर पात्रता सामने खेळत राहतात. एक सामना हातून निसटला तरी भरपाईला पुढचे सामने असतात. आशियाई फुटसालमध्ये चार वर्षांच्या मेहनतीचा निकाल एका शहरात, जेमतेम बारा दिवसांत लागतो. या पात्रतेची रचना, तिचा इतिहास आणि तिच्यात भारताचे स्थान यांचा हा आढावा.

खेळ आणि त्याचे नियम

फुटसाल म्हणजे बंदिस्त सभागृहात, कठीण पृष्ठभागावर, प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह पाच खेळाडू घेऊन खेळला जाणारा फुटबॉल. उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे १९३० मध्ये वायएमसीए या संस्थेतील शिक्षक हुआन कार्लोस सेरिआनी यांनी त्याचे पहिले नियम बांधले. बास्केटबॉल, हँडबॉल, वॉटरपोलो या खेळांतील काही तत्त्वे त्यांनी फुटबॉलशी जोडली. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांतील ‘सभागृहातील फुटबॉल’ या अर्थाच्या शब्दांवरून फुटसाल हे नाव रूढ झाले. पुढे ब्राझीलने हा खेळ आपलासा केला आणि तेथून तो जगभर पसरला.

मैदान साधारणपणे ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद, म्हणजे हँडबॉलच्या मैदानाएवढे असते. गोलची चौकट ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच असते. चेंडू फुटबॉलपेक्षा लहान आणि कमी उसळणारा असतो. दोन मीटर उंचीवरून सोडल्यावर त्याची पहिली उसळी ५० ते ६५ सेंटिमीटरच्या मर्यादेत राहावी, असा नियम आहे. त्यामुळे चेंडू पायाजवळ राहतो आणि खेळ जमिनीवरून, आखूड पासांनी पुढे सरकतो. वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत चेंडू मैदानाबाहेर गेला की घड्याळ थांबते. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात आणि त्यासाठी खेळ थांबवावा लागत नाही. बाहेर गेलेला चेंडू चार सेकंदांत खेळात आणावाच लागतो.

पात्रतेच्या चर्चेत दोन नियम विशेष महत्त्वाचे ठरतात. एका डावात संघाचे पाच सांघिक फाऊल झाले, की सहाव्यापासून प्रत्येक थेट फ्री किक भिंत उभी न करता घेतली जाते. म्हणजे जवळपास पेनल्टीच. दुसरा नियम गोलरक्षकाबाबतचा. पिछाडीवर पडलेला संघ गोलरक्षकाच्या जागी मैदानी खेळाडू पाठवून, त्याला पुढे आणून पाचजणांनी हल्ला करू शकतो. त्या वेळी स्वतःचा गोल मोकळा राहतो. शेवटच्या दोन मिनिटांत दोन गोलांची आघाडी पुसली जाणे किंवा ती दुप्पट होणे, या दोन्ही गोष्टी त्यामुळे नेहमीच्याच आहेत. फुटसालमध्ये कोणतीही आघाडी निश्चिंत करणारी नसते, ती या नियमांमुळेच.

चोवीस जागांची वाटणी

जागतिक फुटबॉल महासंघाने म्हणजे ‘फिफा’ने आपला पहिला फुटसाल विश्वचषक १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये भरविला. त्या वेळी सोळा संघ होते. २००८ मध्ये ब्राझीलमधील स्पर्धेत ही संख्या वीसवर गेली आणि २०१२ च्या थायलंड येथील स्पर्धेपासून ती चोवीस झाली. स्पर्धा चार वर्षांनी होते. अपवाद २०२० च्या स्पर्धेचा. करोनाच्या साथीमुळे ती पुढे ढकलून २०२१ मध्ये लिथुआनियात घ्यावी लागली. आजवरच्या दहा स्पर्धांपैकी सहा ब्राझीलने, दोन स्पेनने, तर अर्जेंटिना आणि पोर्तुगाल यांनी प्रत्येकी एक जिंकली आहे. सर्वांत अलीकडची स्पर्धा २०२४ मध्ये उझबेकिस्तानातील ताश्कंद, बुखारा आणि अंदिजान या शहरांत झाली. अंतिम सामन्यात ब्राझीलने अर्जेंटिनाला २-१ असे हरविले.

या चोवीस जागा खंडनिहाय महासंघांत वाटल्या जातात. २०२४ साठी युरोपला सात, दक्षिण अमेरिकेला चार, उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन विभागाला चार, आफ्रिकेला तीन आणि ओशियानियाला एक जागा होती. आशियाला चार जागा होत्या आणि यजमान म्हणून उझबेकिस्तानची पाचवी. प्रत्येक महासंघ आपल्या वाट्याच्या जागा कशा भरायच्या हे स्वतः ठरवितो. त्यामुळे एकाच विश्वचषकाला पोहोचण्याच्या सहा निरनिराळ्या वाटा तयार झाल्या आहेत.

युरोपची वाट सर्वांत लांब. प्राथमिक फेरी, मुख्य फेरी, त्यानंतर निवडक संघांची फेरी आणि शेवटी उपविजेत्यांत दोन लढतींची पात्रता, असे तिचे टप्पे असतात. दक्षिण अमेरिकेत दहा संघ एकाच ठिकाणी जमतात आणि उपांत्य फेरी गाठणारे चौघे विश्वचषकाला जातात. आफ्रिकेत खंडाच्या अजिंक्यपद स्पर्धेतील पहिले तीन संघ पात्र ठरतात. त्यामुळे तेथे तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याला अंतिम सामन्यापेक्षा अधिक धार असते. अंतिम सामना खेळणाऱ्या दोघांचे तिकीट आधीच निश्चित झालेले असते. तिसऱ्या जागेसाठी झुंजणाऱ्यांपैकी एकाला मात्र घरी राहावे लागते. एप्रिल २०२४ मध्ये मोरोक्कोची राजधानी रबात येथे लिबियाने ही जागा घेतली आणि विश्वचषकाचा जुना अनुभव असलेला इजिप्त बाहेर राहिला.

ओशियानियाची एकुलती एक जागा २००८ पासून २०२१ पर्यंत सलग चार वेळा सॉलोमन बेटांकडे होती. जेमतेम काही लाख वस्तीच्या या द्वीपराष्ट्राला जगाच्या क्रीडा नकाशावर स्थान देणारा हा खेळ. २०२३ मध्ये न्यूझीलंडने ती परंपरा मोडून प्रथमच पात्रता मिळविली.

आशियाई चषकाची दोन कामे

आशियाई फुटबॉल महासंघाची फुटसाल अजिंक्यपद स्पर्धा १९९९ मध्ये क्वालालंपूर येथे सुरू झाली. २००८ पर्यंत ती दरवर्षी होत असे. त्यानंतर ती दोन वर्षांनी होऊ लागली. पुढे तिचे नाव आशियाई फुटसाल चषक असे झाले. या स्पर्धेवर इराणचा ठसा निर्विवाद आहे. पहिल्या सातही स्पर्धा इराणने जिंकल्या. ती मालिका २००६ मध्ये ताश्कंद येथे जपानने खंडित केली. तेव्हापासून २०२४ पर्यंत इराण आणि जपान यांच्याखेरीज तिसऱ्या कोणत्याही देशाचे नाव चषकावर कोरले गेले नाही. या काळापर्यंत इराणची अजिंक्यपदे तेरा आणि जपानची चार.

इराणचे सामर्थ्य आशियापुरते मर्यादित नाही. १९९२ मध्ये हाँगकाँग येथील विश्वचषकात त्याने चौथा क्रमांक मिळविला होता. २०१६ मध्ये कोलंबियात त्याने उपउपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलला पेनल्टींवर बाहेर काढले आणि पुढे पोर्तुगालला मागे टाकून तिसरे स्थान पटकावले. ब्राझीलचा ख्यातनाम खेळाडू फाल्काव याचा तो विश्वचषकातील शेवटचा सामना ठरला. सामना संपल्यावर इराणच्या खेळाडूंनी त्याला खांद्यावर उचलून घेतले. ते दृश्य फुटसाल रसिकांच्या स्मरणात राहिले आहे.

आशियाई चषक दोन वर्षांनी आणि विश्वचषक चार वर्षांनी, या अंतरामुळे एक आड एक आशियाई स्पर्धेला दुहेरी अर्थ प्राप्त होतो. विश्वचषकाच्या वर्षी ती आशियाचे अजिंक्यपद ठरविते आणि विश्वचषकाचे प्रतिनिधीही निवडते. मधल्या स्पर्धेत केवळ अजिंक्यपदाचा प्रश्न असतो. जपानच्या बाबतीत हा फरक फार महागात पडला. २०२२ मध्ये तो जिंकला, पण त्या विजयाने विश्वचषकाची जागा मिळणार नव्हती. २०२४ मध्ये जागा मिळणार होती, तेव्हा तो साखळीतच अडखळला.

मुख्य स्पर्धेत सोळा संघ असतात. पण तेथपर्यंत पोहोचण्यासाठीही पात्रता द्यावी लागते. २०२४ च्या स्पर्धेसाठी ही प्राथमिक पात्रता ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली. संघांचे आठ गट करण्यात आले आणि प्रत्येक गट एका यजमान शहरात खेळला. तीन-चार संघांचा गट, एकेरी साखळी आणि पाच-सहा दिवसांत निकाल, असा तिचा थाट होता. गटविजेते थेट पुढे गेले आणि उपविजेत्यांपैकी चांगली कामगिरी असलेल्यांना उरलेल्या जागा मिळाल्या. थायलंडची जागा यजमान म्हणून राखीव होती.

म्हणजे विश्वचषकाच्या इच्छुक आशियाई संघाला दोन उंबरठे ओलांडावे लागतात. पहिल्या उंबरठ्यावर बहुधा तीन सामने, दुसऱ्यावर साखळीचे तीन आणि त्यानंतर बाद फेरी. सहा-सात सामन्यांत सारे संपते. त्यातला प्रत्येक सामना चाळीस मिनिटांचा.

बँकॉक, एप्रिल २०२४

बँकॉकमधील सोळा संघ चार गटांत विभागले होते. प्रत्येक गटातील पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत गेले. आशियाच्या चार जागांपैकी तीनचा निकाल सरळ होता. उपांत्य फेरी गाठणारे संघ पात्र ठरणार होते. उझबेकिस्तान यजमान म्हणून आधीच पात्र होता आणि तोही उपांत्य फेरीत पोहोचला. इराण, थायलंड आणि ताजिकिस्तान यांनी उरलेल्या तीन जागा घेतल्या. ताजिकिस्तानसाठी ही पहिलीच वेळ होती.

चौथी जागा उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चार संघांसाठी होती. व्हिएतनाम, किर्गिझस्तान, इराक आणि अफगाणिस्तान या चौघांना एका पराभवाचे दुःख विसरून लगेच दुसऱ्या लढतीस उभे राहावे लागले. व्हिएतनामने २०१६ आणि २०२१ असे लागोपाठ दोन विश्वचषक गाजवून दोन्ही वेळा बाद फेरी गाठली होती. किर्गिझस्तानने त्याला रोखले. अफगाणिस्तानने इराकला मागे टाकले. शेवटच्या सामन्यात अफगाणिस्तानने किर्गिझस्तानवर ५-३ अशी मात केली.

या निकालाला एक वेगळी पार्श्वभूमी होती. प्राथमिक पात्रतेचे सामने चालू होते त्याच ऑक्टोबर २०२३ मध्ये अफगाणिस्तानच्या हेरात प्रांतात लागोपाठ भूकंप झाले होते. देशात सत्तांतर होऊन दोन वर्षे लोटली होती आणि सार्वजनिक जीवन विस्कटलेले होते. अशा देशाचा संघ सात महिन्यांत प्राथमिक पात्रता, आशियाई चषकातील पदार्पण आणि विश्वचषकाचे तिकीट अशा तीन पायऱ्या चढून गेला. विश्वचषकातही तो नावापुरता राहिला नाही. साखळी ओलांडून त्याने शेवटच्या सोळांत स्थान मिळविले आणि तेथे पॅराग्वेकडून पराभूत झाला. त्या फेरीत आशियाचे तीनच संघ होते. इराण, थायलंड आणि हा नवखा अफगाणिस्तान.

आशियाई अजिंक्यपद अपेक्षेप्रमाणे इराणकडे गेले. अंतिम सामन्यात त्याने यजमान थायलंडला ४-१ असे नमविले. पण त्या सामन्यात उतरलेल्या दोन्ही संघांचे विश्वचषकाचे स्थान आधीच पक्के झाले होते. स्पर्धेतील सर्वांत जिवावरची लढत किर्गिझस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यात, चषक कोणाला मिळणार याच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या सामन्यात झाली.

जपान आणि किर्गिझस्तान

या वाटेवर जपानला ठेच लागण्याची ही पहिली वेळ नव्हती. फेब्रुवारी २०१६ मध्ये ताश्कंद येथे तो लागोपाठ दोन अजिंक्यपदे जिंकून आला होता. उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनामने त्याला ४-४ असे बरोबरीत रोखून पेनल्टींवर हरविले. हरलेल्यांसाठी एक जागा शिल्लक होती. तिच्यासाठीच्या लढतीत किर्गिझस्तानने जपानचा ६-२ असा धुव्वा उडविला. परिणामी कोलंबियातील विश्वचषक जपानविना झाला.

दोन्ही वेळी जपान गतविजेता होता आणि दोन्ही वेळी त्याच्या वाटेत किर्गिझस्तान आडवा आला. तरीही स्वतः किर्गिझस्तानच्या हाती काही लागले नाही. २०१६ मध्ये शेवटची जागा ऑस्ट्रेलियाने नेली, २०२४ मध्ये अफगाणिस्तानने. आठ वर्षांच्या अंतराने हा देश दोनदा विश्वचषकाच्या दारापर्यंत गेला आणि दोनदा शेवटच्या सामन्यात परतला. मोठ्यांना हरविणे आणि विश्वचषकाला जाणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्याच्याइतके कोणाला कळले नसेल.

मधल्या चक्रात साथीने आशियाई पात्रतेचे गणितच मोडून टाकले. तुर्कमेनिस्तानात नियोजित असलेली २०२० ची आशियाई स्पर्धा रद्द झाली. इराण, जपान आणि उझबेकिस्तान यांची नावे पूर्वीच्या कामगिरीवरून निश्चित करण्यात आली. उरलेल्या दोन जागांसाठी मे २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत दोन-दोन सामन्यांच्या लढती झाल्या. थायलंडने इराकला सहज मागे टाकले. व्हिएतनाम आणि लेबनॉन यांचे दोन्ही सामने बरोबरीत सुटले, पहिला ०-० आणि दुसरा १-१. परक्या मैदानावरील गोल अधिक धरण्याच्या नियमाने व्हिएतनाम लिथुआनियाला गेला. दोन्ही सामने त्रयस्थ देशात झाले होते. त्यामुळे ‘घरचे’ आणि ‘परके’ हे शब्द केवळ कागदावर होते. लेबनॉन एकही सामना न हरता बाहेर पडला.

अनपेक्षित निकालांची कारणे

अशा निकालांमागे निव्वळ दैव शोधणे बरोबर नाही. पहिले कारण सामन्यांच्या दाटीत आहे. एक दिवसाआड सामने होतात आणि संघात चौदाच खेळाडू नेता येतात. एखाद्या प्रमुख खेळाडूचा स्नायू दुखावला किंवा त्याच्यावर बंदी आली, तर बदली योजनेला सवड नसते. फुटबॉलमध्ये अशा खेळाडूला पुढच्या महिन्यातील सामन्यासाठी तयार करता येते.

दुसरे कारण खेळाच्या स्वरूपात आहे. मैदान लहान असल्याने ताकदवान संघाला मोकळी जागा मिळत नाही. कमी अनुभवी संघ स्वतःच्या गोलपुढे चौकोन करून उभा राहिला आणि त्याचा गोलरक्षक त्या दिवशी फॉर्मात असला, तर पन्नास हल्लेही निष्फळ ठरतात. त्यात एखादा प्रतिहल्ला गोलमध्ये गेला, की मोठ्या संघाला धोका पत्करून गोलरक्षक पुढे आणावा लागतो आणि मागची चौकट उघडी पडते.

तिसरे कारण संघांच्या ताकदीतील अंतर कमी होत चालल्याचे आहे. मध्य आशियातील पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांत हिवाळा कडक असतो आणि बंदिस्त क्रीडागृहांत खेळण्याची प्रथा जुनी आहे. उझबेकिस्तान अनेक वर्षे आशियाच्या पहिल्या चारांत आहे. किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान त्याच्या मागोमाग आले. त्यांचा शेजारी कझाकस्तान २००० च्या विश्वचषकात आशियाचा प्रतिनिधी होता. त्यानंतर तो युरोपीय महासंघात गेला आणि आज युरोपातील आघाडीच्या संघांत गणला जातो. तो आशियात राहिला असता, तर चार जागांसाठीची ही झुंबड आणखी वाढली असती.

चौथी गोष्ट मानांकनाची. फिफाने पुरुषांच्या फुटसालची अधिकृत जागतिक क्रमवारी मे २०२४ मध्ये प्रथम जाहीर केली. म्हणजे बँकॉकची स्पर्धा संपल्यावर. त्याआधी गट पाडताना मागील स्पर्धांतील क्रमांकच प्रमाण मानावे लागत. झपाट्याने सुधारणारा संघ अशा पद्धतीत खालच्या मानांकनात राहतो आणि मोठ्या संघाच्या गटात येऊन बसतो.

जुन्या नावाला संरक्षण नाही, हा अनुभव अन्य खंडांतही येतो. ज्या उरुग्वेत हा खेळ जन्मला, तो देश २००८ नंतर २०२४ पर्यंत एकाही फुटसाल विश्वचषकात दिसला नाही. २००४ च्या विश्वचषकाचा उपविजेता इटली २०२१ आणि २०२४ अशा दोन्ही स्पर्धांना मुकला.

भारताचा उशिरा प्रवेश

आशियाई स्पर्धा १९९९ मध्ये सुरू झाली, तरी भारताचा राष्ट्रीय पुरुष संघ तिच्या पात्रतेत प्रथम उतरला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये. ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे येथील गटात त्याला एकही विजय मिळाला नाही. यजमान ताजिकिस्तान त्याच गटातून पुढे गेला आणि अकरा महिन्यांनी विश्वचषकात खेळला. भारतीय खेळाडूंना पदार्पणातच आपल्यात आणि विश्वचषकातील संघात किती अंतर आहे, याचे माप मिळाले.

पुढची संधी सप्टेंबर २०२५ मध्ये आली. इंडोनेशियात व्हावयाच्या २०२६ च्या आशियाई चषकासाठी कुवेत येथे झालेल्या पात्रता गटात भारतासमोर यजमान कुवेत, ऑस्ट्रेलिया आणि मंगोलिया होते. पहिल्या दोघांपुढे भारताचा निभाव लागला नाही. मंगोलियाला मात्र त्याने ३-० असे हरविले. अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटसालमधील भारताचा हा पहिला विजय. मुख्य स्पर्धा दूरच राहिली, तरी पात्रतेच्या दुसऱ्याच प्रयत्नात खाते उघडले गेले.

या उशिराची कारणे देशातील रचनेत सापडतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची क्लब संघांसाठीची राष्ट्रीय फुटसाल स्पर्धा २०२१ मध्ये सुरू झाली. इराण आणि जपान यांच्याकडे तोवर अनेक वर्षांच्या लीग होत्या. त्याआधी २०१६ मध्ये ‘प्रीमियर फुटसाल’ नावाची खासगी लीग भारतात मोठ्या गाजावाजाने झाली होती. रोनाल्डिन्हो गोव्याकडून, रायन गिग्ज मुंबईकडून, तर फाल्काव चेन्नईकडून खेळला. सामने चेन्नई आणि गोव्यात झाले. त्या लीगला राष्ट्रीय महासंघाची मान्यता नव्हती. प्रेक्षकांना नामवंत खेळाडू पाहावयास मिळाले, पण राष्ट्रीय संघ घडविण्याची साखळी तिच्यातून उभी राहिली नाही.

मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत इमारतींच्या गच्चीवर, उड्डाणपुलांजवळच्या मोकळ्या जागांत आणि क्रीडासंकुलांत जाळीने वेढलेली ‘टर्फ’ मैदाने गेल्या काही वर्षांत दाटीने उभी राहिली. कार्यालय सुटल्यावर रात्री अकरापर्यंत तेथे पाच-पाचजणांचे सामने रंगतात आणि त्यांना सर्रास फुटसाल म्हटले जाते. वस्तुतः ती कृत्रिम हिरवळ आहे. चेंडू बहुधा नेहमीचा फुटबॉल असतो आणि बाजूच्या जाळीवर आपटून परत आलेला चेंडू खेळात धरला जातो. कठीण पृष्ठभाग, कमी उसळणारा चेंडू, सीमारेषा आणि चार सेकंदांचा नियम यांचा सराव तेथे होत नाही. चेंडू तळव्याखाली दाबून थांबविणे हे फुटसालचे मूळ कौशल्य हिरवळीवर अंगवळणी पडत नाही. आंतरराष्ट्रीय मापाच्या लाकडी किंवा कृत्रिम तक्तपोशीच्या क्रीडागृहांत नियमित लीग होईपर्यंत, हौशी खेळाडूंच्या या मोठ्या संख्येतून पात्रतेच्या पहिल्या उंबरठ्यापुढे जाणारा संघ निघणे कठीण आहे. गोव्यासारख्या फुटबॉलप्रेमी राज्यालाही हे लागू पडते.

पुढची फेरी

यापुढचा फुटसाल विश्वचषक २०२८ मध्ये होणार आहे. जपानला गेलेली जागा परत मिळवायची आहे, किर्गिझस्तानला दोनदा हुकलेली पहिल्यांदा हवी आहे आणि अफगाणिस्तानला मिळालेली टिकवायची आहे. या रांगेत भारत फार मागे उभा आहे. मंगोलियावरच्या एका विजयाने ते अंतर भरून निघत नाही. तथापि ताजिकिस्तान आणि अफगाणिस्तान हे २०२४ चे दोन नवागत श्रीमंत देश नाहीत आणि कोणतीही जुनी विश्वचषकीय परंपरा त्यांच्या पाठीशी नव्हती. त्यांना आत घेणारी पात्रता पद्धत तीच आहे, जिने जपानला बाहेर ठेवले. चुकीला क्षमा नसलेली ही वाट नवख्यांसाठी खुली आहे, एवढे बँकॉकने सिद्ध केले.